नऊ मुठी, नवी आवृत्ती

रविवार, १२ जानेवारी

आज डोकं फिरलंय. ‘नाइन फिस्ट्स’ची नवी आवृत्ती येतेय.

नवी म्हणजे काय, तर तोच गेम. तेच लढवय्ये, तेच आखाडे, तीच गाणी. त्यात तीन नवे लढवय्ये घुसवलेत, जुन्यांच्या चालींत फेरफार केलेत, वेष्टनावर भलामोठा चंद्र छापलाय आणि नाव ठेवलंय ‘नाइन फिस्ट्स : फुल मून’. ज्यांनी जुना घेतलाय त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विकत घ्यायचा. म्हणजे शर्टाचं एक बटण बदलायचं आणि तोच शर्ट त्याच माणसाला परत विकायचा. वा!

आम्ही या गेमला ‘नऊ मुठी’ म्हणतो. आम्ही म्हणजे सात-आठ जण. दर रविवारी दुपारी लालबागच्या व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत टीव्ही लावून खेळतो. खोली बुधाजी वस्तादांची. ते तिथं मुलांना कबड्डी शिकवतात. पहिल्यांदा मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, “मारामारीच आहे ना? मग बसा.” झालं. तेव्हापासून बसतोय.

आणि या खोलीत गेली दोन वर्षं मला कोणी हरवलेलं नाही. ही फुशारकी नाही, माहिती म्हणून लिहितेय. मी ब्रुना घेऊन खेळते. ब्रुना ही धोबीण आहे, ओल्या चादरीनं हाणते. लांबून चादर फेकायची, समोरच्याला गुंडाळून ओढायचं आणि आपटायचं. दिवसभर ब्लड बँकेत लोकांच्या हातातली नस शोधून झाली की ब्रुनाची चादर फिरवायला जे बरं वाटतं, ते शब्दात सांगता येणार नाही.

नव्या आवृत्तीत ती चादर हळू केलीय म्हणे.

ग्रुपवर टाकलं, “आपण कोणीही घेणार नाही आहोत. ठरलं.” सगळ्यांनी अंगठे दाखवले. फक्त स्वरूपनं लिहिलं, “बघू.”

शनिवार, १८ जानेवारी

सुटल्यावर हॉस्पिटलच्या गेटवर स्वरूप उभा. त्याचा स्टुडिओ लोअर परळला, घर वरळी कोळीवाड्यात. परळ दोन्हीच्या वाटेवर नाही. पण त्याचं इकडे काहीतरी काम होतं म्हणे. या माणसाचं दर शनिवारी परळमध्ये काय काम निघतं, देव जाणे.

भेळ खाल्ली. भांडलो.

“तू न खेळताच कसं ठरवलंस?” तो म्हणाला.

“खेळायला कशाला हवं? सगळं वाचलंय मी. चादर हळू केलीय.”

“चादर सोडून बाकीही गेम आहे, संघू. ऑनलाइन खूप सुधारलंय. आता नागपूरच्या माणसाशी खेळलं तरी मध्ये अडकत नाही. नवखा माणूस शिकू शकेल असा सराव दिलाय.”

“नवख्यांसाठी मी कशाला खर्च करू?”

यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “नवखे आले तर आपण सात-आठच्या वर जाऊ.”

मी म्हटलं, सात-आठ काय वाईट आहेत? त्यावर त्यानं माझ्या भेळेतला कांदा वेचून आपल्या कागदात घेतला. मला कच्चा कांदा आवडत नाही. मुद्दा सुटला की हा असलं काहीतरी करत बसतो.

रविवार, २ फेब्रुवारी

आज खोलीत नवी मुलगी आली. रुचा. फणसवाडीत राहते, सीएचा अभ्यास करते, अंगानं एवढीशी, पाठीवर भलीमोठी सॅक. सॅकमधून तिनं आपला कन्सोल काढला आणि त्यात ‘फुल मून’. स्वरूपनं तिला बोलावलं होतं! मला न विचारता!

तिच्याकडे जुना गेमच नाही. आणि जुना आणि नवा एकमेकांशी खेळता येत नाहीत. ज्याच्या हातात जुना त्यानं जुन्याशी, ज्याच्या हातात नवा त्यानं नव्याशी. म्हणून वस्तादांकडून दुसरा टीव्ही मागून आणला. तिच्या टीव्हीसमोर आधी एक जण ‘नुसतं बघायला’ बसला. मग दुसरा. निघायच्या वेळी तिकडे पाच जण होते, आरडाओरडा करत. माझ्यासमोर स्वरूप.

“तुला जायचं असेल तर जा तिकडे,” मी म्हटलं.

“मी इथंच बरा आहे,” तो म्हणाला. आणि सलग हरला. एरवी इतका वाईट खेळत नाही.

मला काही फरक पडत नाही. नव्याचं कौतुक चार दिवस.

वस्ताद आत डोकावले तेव्हा नेहमीसारखं स्वरूपला विचारलं, “घरी सगळे बरे?” हे ते दर रविवारी न चुकता विचारतात आणि फक्त त्यालाच. कोळीवाड्याबद्दल त्यांना आपुलकी असावी. मासे आवडत असतील.

रविवार, ९ फेब्रुवारी

सहा जण तिकडे. मला काही फरक पडत नाही.

रुचा बोलते कमी, जिंकते जास्त. दोन नवी मुलं आली, तीही थेट तिच्याकडे गेली. एकानं मला विचारलं, “ताई, तुम्ही पण खेळता?”

मी पण खेळते!

घरी आल्यावर आईनं विचारलं, चेहरा का उतरलाय. म्हटलं, ऊन लागलं. आई म्हणाली, “फेब्रुवारीत?”

रविवार, १६ फेब्रुवारी

आज भडका उडाला. आणि गंमत म्हणजे तो मी उडवला नाही.

दोन टीव्हींचा आवाज एकमेकांत मिसळत होता. इकडून मी “आवाज कमी करा” म्हणायचं, तिकडून ते. एकदा-दोनदा, दहादा. शेवटी वस्ताद आतून आले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण दारात उभे राहिले की दार दिसत नाही.

“काय चाललंय?”

मी सांगितलं. जुना, नवा, सगळं. ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. मग ते खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले. माझ्या! आणि एकदम बोलायला लागले.

त्यांच्या वेळी या व्यायामशाळेचा कबड्डीचा संघ मोठा होता. वस्ताद पकडीत, आणि चढाईला त्यांचा एक दोस्त. दोघं मैदानात असले की गिरणगावात त्यांच्यापुढं कोणी टिकत नसे. पुढं दोघांनी मिळून शिकवायला घेतलं. मग मॅट आली. माती जाऊन मॅट, अनवाणी पायांच्या जागी बूट, नियम बदलले. वस्ताद म्हणाले, कबड्डी मातीतच. दोस्त म्हणाला, मॅटवर जायला हवं. भांडण झालं. दोस्त गेला, अर्धा संघ गेला.

“वीस-पंचवीस वर्षं झाली,” वस्ताद म्हणाले. “त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही.”

काय तत्त्वाचा माणूस आहे! मला तर उभं राहून सलाम करावासा वाटला.

मग ते उठले. “एका खोलीत दोन खेळ चालायचे नाहीत. दोन आठवड्यांत ठरवा काय ते. नाहीतर मी कुलूप लावतो.” जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “ही पोरगी बरोबर आहे.”

बघा. मी बरोबर आहे.

फक्त स्वरूप पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता. वस्ताद गेल्यावर हळूच म्हणाला, “तो दोस्त म्हणजे माझे आजोबा.”

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. शेवटी रुचानं (तीच ती, बोलते कमी) लिहिलं, “संघमित्राताईंनी नवा नीट खेळून बघावा आणि त्या सांगतील ते सगळ्यांनी मान्य करावं. त्यांच्याइतका हा गेम कोणालाच कळत नाही.”

सगळ्यांनी अंगठे दाखवले.

आता मी काय लिहिणार? मान्य केलं. दोन आठवडे खेळीन, एकेक खोट काढीन आणि पुराव्यानिशी सांगीन की घेऊ नका.

अडचण एकच. नवा माझ्याकडे नाही आणि तो मी विकत घेणार नाही, तत्त्व म्हणून. स्वरूप म्हणाला, “माझ्याकडे आहे.”

“तू घेतलास? कधी?”

“आला त्याच दिवशी.”

“मग रविवारी माझ्याशी जुना कशाला खेळत होतास?”

त्यावर म्हणे, “असंच.”

गुरुवार, २० फेब्रुवारी

कामावरून थेट कोळीवाड्यात. स्वरूपच्या घरी माडीवर टीव्ही आहे, खिडकीतून बंदरातल्या होड्या दिसतात. त्याची आजी, सखुबाई, मी जिना चढायच्या आधीच विचारती झाली, “जेवून आलीस का गो?” मी हो म्हटलं. तरी बोंबील तळून आणले. तांदळाच्या भाकरीबरोबर. मी सगळे संपवले. गेमशी याचा संबंध नाही, पण नोंद असावी.

गेमबद्दल : ब्रुनाची चादर खरंच हळू झालीय. वाचलं होतं त्यापेक्षाही हळू. फेकली की समोरचा उडी मारून डोक्यावर येतो. नागपूरच्या कोणीतरी मला लागोपाठ धुतलं. ऑनलाइन मध्ये अडकत नाही हे खरं आहे. त्यामुळे मार अगदी स्वच्छ बसतो.

जुन्या गेममधलं माझं सगळं गेलं. कमावलेले रंग, पोशाख, विजय. सगळं पुन्हा शून्यापासून.

खोट क्रमांक एक, दोन, तीन. उत्तम चाललंय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हे आधी लिहून टाकते, कारण उद्यापर्यंत मी नाकारीन. ब्रुनाला बादली दिलीय.

नवी चाल आहे. ती पाणी ओतते, जमीन ओली होते आणि त्या ओल्या जागेवरून ती घसरत जाते! चादर हळू का केली ते आता कळलं. लांब उभं राहून फेकत बसायचं नाही. बादली ओत, घसरत जवळ जा, मग चादर. पूर्वी ब्रुना एका जागी खांबासारखी उभी असायची. आता ती सगळ्या आखाड्यात सुसाट फिरते.

सरावाची खोलीही चांगली केलीय. चूक कुठं झाली ते थांबवून दाखवते. मी दोन वर्षं एक चाल चुकीची करत होते. कोणालाच कळलं नव्हतं, कारण कोणी माझ्यासमोर टिकतच नव्हतं.

स्वरूपनं विचारलं, “काय, आवडला?”

“चाचणी चालू आहे,” मी म्हटलं.

“तासभर हसतेयस.”

“चाचणीचा भाग आहे.”

दत्तूआजोबा, म्हणजे वस्तादांचे ते दोस्त, दारात बसून जाळं विणत होते. बारीक, काटक, अजून पाय मुडपून बसतात. मला म्हणाले, “बुधा कसा हाय?” मी म्हटलं, बरे आहेत. “गुडघा दुखतो का गो त्याचा अजून?” म्हटलं, हो, डाव्या बाजूला लचकत चालतात. आजोबांनी मान हलवली. “उजव्या पायानं पकड घे म्हणून कितीदा सांगितला त्याला.”

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज आजोबांना सरळ विचारलं, तुम्ही का गेलात मॅटवर? मला वाटलं, नव्याची हौस असणार.

ते म्हणाले, “पोरी होत्या गो. आमच्या वाड्यातल्या, तिकडं परळच्या, डिलाइल रोडच्या. काय चढाई करायच्या! निवड व्हायची ती मॅटवर. मातीत शिकून मॅटवर गेल्या की घसरून पडायच्या, घरी परत यायच्या. मी बुधाला म्हटला, यांच्यासाठी तरी चल. तो म्हणाला, ज्याला जायचं त्यानं जा.” जाळ्याचा धागा त्यांनी दातानं तोडला. “म्हणून मी गेला.”

वस्तादांच्या तोंडून ऐकताना गोष्ट वेगळी होती. त्यात पोरी नव्हत्या.

मग काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, “आजोबा, रविवारी मी निकाल सांगणार आहे. या तुम्ही.”

मागं स्वरूपच्या हातून कंट्रोलर पडला. जिन्यात मला म्हणाला, “वेड लागलंय का तुला? वस्ताद हाकलून देतील त्यांना.”

“हाकललं तर तू आहेस ना.”

तो विचित्र हसला आणि बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. रोजच येतो. वाट मला पाठ झालीय हे किती वेळा सांगू?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

निकाल काय सांगायचा?

खरं लिहिते. गेल्या आठवड्यात मला प्रत्येकानं हरवलंय. नागपूर, कोल्हापूर, कुठली तरी बंगलोरची पोरगी. काल तर स्वरूपनंही हरवलं. आणि तरी आज कामावर रक्ताच्या पिशवीवर चिठ्ठी लावताना मी मनात बादल्या ओतत होते. जुन्यात मी शेवटची इतकी अधीर कधी झाले होते, आठवत नाही. जुन्यात मी जिंकायचे आणि घरी यायचे.

पण घ्या म्हणून सांगितलं, तर वस्ताद काय म्हणतील? त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवलाय.

आईला विचारलं. ती घरी पाळणाघर चालवते, त्यातल्या एका बाळाला थोपटत होती. म्हणाली, “खोटं सांगायचं असेल तर मला विचारू नकोस. खरं सांगायचं असेल तरी विचारायची गरज काय?”

रविवार, २ मार्च

सगळं लिहिते.

खोली गच्च भरली होती. वस्ताद माझ्या बाजूची खुर्ची अडवून बसले होते, निकाल आपलाच म्हणून. मी उभी राहिले आणि तेवढ्यात दारात दत्तूआजोबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. मागं स्वरूप, चेहरा पांढराफटक.

वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं. आजोबांनी वस्तादांकडे. मला वाटलं, आता कुलूप.

वस्ताद म्हणाले, “चपला बाहेर काढ.”

वीस-पंचवीस वर्षांनंतरचे पहिले शब्द! आजोबांनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसले.

मी घसा खाकरला. म्हटलं, “ज्याला एकट्यानं, गोष्टीसाठी खेळायचंय, त्यानं नवा घेऊ नये. गोष्ट तीच आहे, एक वाक्य बदललेलं नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं सरळ नवा घ्यावा, जुन्याच्या वाटेला जाऊ नये. तिघांपैकी एक नवा लढवय्या भिकार आहे. आपलं जुनं कमावलेलं सगळं जातं, त्याचं वाईट वाटतं. कंपनीनं जुन्या लोकांना थोड्या कमी किमतीत द्यायला हवा होता, तसा दिलेला नाही, आणि त्याबद्दल मी अजून चिडलेली आहे.”

वस्ताद मान डोलवत होते.

“पण माझ्यासारखे, ज्यांच्याकडे जुना आहे आणि जे रविवारी इथं येतात, त्यांनी घ्यावा. गेम चांगला झालाय. ब्रुना चांगली झालीय. आणि आपली माणसं तिकडे आहेत. मी या टीव्हीसमोर बरोबर होते, पण एकटी होते.”

वस्तादांची मान थांबली. “म्हणजे तूही गेलीस.”

मला रडूच येणार होतं. “वस्ताद, मी कुठं गेले? इथंच उभी आहे.”

कोपऱ्यातून आजोबा म्हणाले, “पोरीवर डाफरू नको रं बुधा. माझ्यावर डाफर. मी आलाय.”

मग वस्तादांनी टीव्हीकडे बघतच विचारलं, “तुझ्या त्या पोरी. काय झालं त्यांचं?”

“एक पोलिसात हाय. एक बँकेत. आणि ती उंच होती ना, ती आता शिकवते. तिचा संघ यंदा अंतिम फेरीत होता.”

“माहितेय,” वस्ताद म्हणाले. “बघायला गेलो होतो.”

आजोबा ताठ झाले. “मी होतो की तिथं! तू कुठं बसला होतास?”

“मागं. खांबाच्या मागं.”

“दिसत काय होतं तुला खांबामागून?”

“तुझं टक्कल,” वस्ताद म्हणाले.

पहिली हसली ती रुचा, अगदी फस्सकन. मग कोणाला आवरेना. आजोबा तर डोळे पुसायला लागले आणि वस्ताद “गुडघा, गुडघा” म्हणत त्यांच्या शेजारी जमिनीवर बसायचा प्रयत्न करायला लागले. स्वरूप आणि मी दोन बाजूंनी धरून त्यांना खाली बसवलं. आजोबांनी पिशवीतून सुक्या जवळ्याचं पुडकं काढलं. “सखूनं दिलाय. तुला आवडतो म्हणून.”

(मासे आवडतात, हा माझा अंदाज निदान बरोबर निघाला.)

मग दोघांच्या हातात कंट्रोलर दिले. वस्ताद म्हणाले, हे कशाला, पण सोडेनात. आजोबांनी ब्रुना घेतली, “ही आमच्या सखूसारखी हाय.” वस्तादांनी सगळ्यात जाडा पैलवान घेतला. दोघांना एकही बटण ठाऊक नव्हतं. वस्ताद प्रत्येक फटक्याला अंगासकट उजवीकडे झुकत होते, आजोबा दम धरून तोंडानं “कबड्डी कबड्डी” चालू ठेवत होते. ब्रुना आपल्याच बादलीवर घसरून उलटीकडे गेली. पैलवान हवेत ठोसे मारत सुटला. वेळ संपली तेव्हा कोणीच कोणाला लागलेलं नव्हतं.

“बरोबरी,” आजोबा म्हणाले.

“काय बरोबरी? मी जिंकत होतो. परत लाव,” वस्ताद म्हणाले.

संध्याकाळी व्यायामशाळेची मुलं सरावाला आली, तरी दोघं उठायला तयार नव्हते.

रविवार, ९ मार्च

नव्यावरची पहिली स्पर्धा झाली. माणसं इतकी, की वस्तादांनी पुढची मोठी खोली उघडली. दत्तूआजोबा आता दर रविवारी येणार आहेत. दोघं मिळून मुलींसाठी जुन्या मॅट मिळवायच्या खटपटीत आहेत. मॅट मातीवर अंथरायची की माती काढून, यावरून भांडण सुरू झालंय.

अंतिम सामना : मी आणि रुचा. शेवटच्या फेरीत दोघींचा जीव केसाएवढा उरला होता. मी बादली ओतली, घसरले, चादर उचलली, आणि तिनं त्याच क्षणी खालून लाथ मारली. हरले.

मी ओरडले. आनंदानं! माझ्यासमोर एवढं चांगलं कोणी खेळलंच नव्हतं. रुचाला मिठी मारली तर तीच घाबरली. म्हणाली, “ताई, मी महिनाभर फक्त तुम्हाला हरवायचा सराव करत होते.” किती गोड मुलगी आहे! हिच्यावर मी का चिडले होते कोण जाणे.

स्वरूप उपांत्य फेरीतच हरला, पण अंतिम सामन्यात सगळ्यात जास्त टाळ्या त्यानंच वाजवल्या. मी हरले तरी वाजवत होता. त्याला नियम नीट कळत नसावेत.

शनिवार, १५ मार्च

काल धुळवडीला कोळीवाड्यात गेले होते. सखुआजीनं गालाला रंग लावला आणि निघताना माझ्या आईसाठी डबा दिला. आत तळलेली कोलंबी. “तुझ्या आईला सांग, पुढच्या खेपेला ती पण यू दे.” आईला निरोप दिला, तर ती डबा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

“संघमित्रा, तू या मुलाकडे महिनाभर जातेस.”

“गेम त्याच्याकडे आहे, आई.”

“मग रविवारी त्याला गेम घेऊन आपल्याकडे बोलाव,” आई म्हणाली. “मला बघायचाय.”

“तुला? गेम?”

“हो. गेम,” आई म्हणाली आणि वळून कपाटातल्या चांगल्या ताटल्या काढायला लागली.

रविवार, १६ मार्च

आज वस्तादांकडे सुट्टी मागितली. स्वरूप सकाळीच आला. एरवी टी-शर्टात असतो, आज शर्ट. दारात चपला काढल्या, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींसमोर हात जोडले, आईला वाकून नमस्कार केला, माझ्या मोठ्या भावाला, राकेशदादाला “जय भीम” म्हणाला. दादा चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघायला लागला. मी कन्सोलच्या वायरी जोडत होते.

आई गेम बघायला म्हणून बसली आणि तिनं टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही. स्टुडिओत काम काय असतं, घरी कोण कोण, पहाटे आजोबांबरोबर होडीवर जातोस का, सगळं विचारलं. स्वरूप खेळता खेळता सगळी उत्तरं देत होता. मी त्याला झोडपत होते. माझी बादली आता फार छान बसते.

आईनं ताट वाढलं. स्वरूपनं आपल्या ताटातली कोशिंबीर न्याहाळली, मग माझं ताट जवळ ओढून त्यातला कांदा एकेक करून आपल्या ताटात घेतला. न बोलता, सवयीनं. आई ते बघत होती. दादा बघत होता.

“काय रे,” दादा शेवटी म्हणाला, “तू गेम खेळायला आलायस की मुलगी बघायला?”

आई हसली. दादा स्वतःच्याच विनोदावर मोठ्यानं हसला. मीही हसायला तोंड उघडलं.

स्वरूप हसला नाही. कानांपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, “मुलगी तर मी केव्हाच बघितलीय. फक्त तिचं माझ्याकडे लक्ष नाही.”

पुढचा सामना आपोआप सुरू झाला होता. टीव्हीवर ब्रुना एका जागी उभी राहून मार खात होती. मी तिला मार खाऊ दिला.